आधी लिहून दे, मग दाखव

नवीन काही शिकायचं ठरलं की आमच्या घरात सगळे फोन उचलतात आणि व्हिडिओ लावतात. मी लिहिलेलं शोधते. पुस्तक, जुनी वही, एखादीने मन लावून लिहिलेलं दोन पानी टिपण, काहीही चालतं, पण अक्षरं हवीत. मुलगा म्हणतो, "आई, बारा मिनिटांचा तर आहे, बघून टाक ना." मला बारा मिनिटं नको असतात. तांदूळ किती दिवस भिजवायचे, एवढंच मला हवं असतं. कागदावर ते एका नजरेत सापडतं. व्हिडिओत ते नमस्कार-चमत्कार आणि साहित्याची ओळख यांच्यानंतर कुठेतरी असतं आणि ते गाठायला पिठाच्या बोटांनी काचेवर मागे-पुढे करत बसावं लागतं.

वाचताना वेग माझा असतो. जे येतं त्यावरून डोळे भरभर पुढे जातात, जे अडतं तिथे थांबतात, परत मागे येतात. पुढच्या पायरीला काय लागणार आहे हे आधी बघून ठेवता येतं. एक पान एकदम डोळ्यांसमोर असणं ही फार मोठी सोय आहे: सुरुवात, शेवट आणि मधली अवघड जागा सगळं एकाच वेळी दिसतं. व्हिडिओत एका वेळी एकच क्षण दिसतो. पुढचा अजून आलेला नसतो आणि मागचा निघून गेलेला असतो.

"तू वाचून शिकणारी आहेस, मी बघून शिकणारा," असं हल्ली लोक सहज म्हणतात. 1992 मध्ये नील फ्लेमिंग या शिक्षणतज्ज्ञांनी बघून, ऐकून, वाचून आणि करून शिकणारे असे चार गट मांडले आणि शाळाशाळांमधून ती वाटणी पसरली. मला ती पटत नाही. हॅरोल्ड पॅश्लर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा ज्याला जी पद्धत आवडते त्या पद्धतीने शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा आधार सापडला नाही. माझा अनुभवही तोच आहे. माणूस कसा आहे यापेक्षा काम कसं आहे यावर बरंच ठरतं. काही कामं शब्दांत मावतात, काही मावत नाहीत, आणि पुष्कळशी अर्धी मावतात. त्या अर्ध्या मावणाऱ्या कामांबद्दलच मला बोलायचं आहे.

अनारशांपासून सुरुवात करते, कारण लिहिलेल्याची खरी ताकद मला तिथे कळली. आईच्या वहीत अनारशांचं पान आहे. जुने तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे. इथपर्यंत कोणीही सांगेल. पुढे आईने लिहिलं आहे: "मुठीत दाबले तर हाताला ओल लागावी, पण तांदूळ एकमेकांना चिकटू नयेत. तेवढ्यावर दळायला घ्यावे." दळून, बारीक चाळून पिठाच्या वजनाइतका गूळ, चमचाभर तूप, आणि गोळा करून डब्यात मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापायचं, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचं, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, पानाचा सगळ्यात मोलाचा भाग: "पहिला एकच सोडून बघावा. हसला तर पीठ सैल, थोडी तांदळाची कोरडी पिठी मळावी. जाळी पडली नाही, कडक झाला तर दुधाचा हात किंवा पिकलं केळं." अनारसा हसला म्हणजे तुपात गेल्या गेल्या फुटून पसरला, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पण हसल्यावर काय करायचं, हे मात्र सांगावं लागतं. मी अनारशांचे पुष्कळ व्हिडिओ बघितले आहेत. त्यांत अनारसा कधी हसत नाही. हसला असेल तो काढून टाकलेला असतो आणि आपल्यासमोर येतो तो जाळीदार, सोनेरी, पहिल्याच खेपेला जमलेला. करणारीचा त्यात दोष नाही, चांगलं ते दाखवावं असं कोणालाही वाटणार. पण शिकणाऱ्याला बिघडलेलं बघायची गरज जास्त असते. लिहिणारी बाई बिघडलेलं दाखवू शकत नाही, म्हणून तिला ते सांगावं लागतं. आणि सांगायला बसली की कारणापर्यंत जावं लागतं.

लिहिलेल्याकडे मी पुन्हा पुन्हा वळते ते यासाठी. दाखवणाऱ्याला "असं" म्हणून भागतं. "असं झालं की गॅस बंद करायचा." असं म्हणजे कसं? रंगावरून, वासावरून, आवाजावरून, की हाताला लागतं त्यावरून? लिहिणाऱ्याला ही पळवाट नाही. त्याला खूण शोधावी लागते. आपल्या स्वयंपाकघरांनी अशा खुणा केवढ्या जमवून ठेवल्या आहेत! पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली की एक तार निघते, तो एकतारी, रव्याच्या लाडवांचा. गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांत गोळी वळते, तो गोळीबंद. थर्मामीटर लावला तर साधारण 112 ते 116 अंश सेल्सिअस भरतो. थर्मामीटर ज्यांच्या घरात कधी आला नाही त्यांनी पाण्याच्या एका वाटीवर तेवढंच नेमकं काम केलं. मसाला कडेने तेल सोडू लागेपर्यंत परतायचा, बेसनाचा खमंग वास सुटला आणि ते कढईत हलकं लागायला लागलं की झालं. यातल्या किती गोष्टी पडद्यावर दिसतील? वास दिसत नाही. झाऱ्याला लागणारा हलकेपणा दिसत नाही. बोटांना लागणारा चिकटपणाही दिसत नाही, तार मात्र दिसते.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि घरोघरी गेलं, त्याला अनेक कारणं असतील. मला त्यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं: त्यांनी मापं वाटी-चमच्याची दिली. नुकतं लग्न झालेल्या, एका खोलीत संसार मांडलेल्या मुलीकडे तराजू नसायचा, वाटी मात्र असायचीच. कोणाची वाटी मोठी, कोणाची छोटी, पण सगळं एकाच वाटीने मोजलं की प्रमाण बिघडत नाही. आपण जिला शिकवतोय ती समोर नाही, तिच्या ओट्यावर काय आहे हे आपल्याला दिसत नाही, हे धरून केलेली ही सूचना आहे. वाचणारीचं स्वयंपाकघर मनात आणून लिहिणं हे शिकवणंच आहे, आणि तेही फार वरच्या प्रतीचं.

बघण्याचा एक धोका मात्र मला खरोखर काळजीचा वाटतो. बघता बघता आपल्याला येतं असं वाटायला लागतं. मायकल कार्डस आणि एड ओब्रायन या शिकागोच्या संशोधकांनी 2018 मध्ये हे तपासलं. मूनवॉकसारख्या नाचातल्या कसबाचा किंवा डार्ट (भिंतीवरच्या चकतीवर मारायचे छोटे बाण) फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला आणि काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, हातातलं कसब वाढलं नाही. हात स्वतः काही करत नाही, तोवर त्याला ताण कुठे पडतो आणि तोल कुठे जातो, हे कळायला मार्गच नसतो. वाचताना असा भ्रम मला कमी होतो. "अलगद सैल धरून पुढे सरकवा" असं वाक्य वाचलं की ते कळलेलं नाही हे तिथल्या तिथे जाणवतं आणि कापड हातात घ्यावंच लागतं.

असं सगळं असलं तरी व्हिडिओने जे दिलं आहे ते मोठं आहे. सासर जळगावकडचं, त्यामुळे खापरावरचे मांडे मी प्रत्यक्ष बघितलेले आहेत. गव्हाचं अगदी सैल, तार येईपर्यंत आपटून मळलेलं पीठ, त्यात पुरण भरलेला उंडा, आणि मग तो लाटणं न लावता दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा. मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जातो, रुमालाएवढा पातळ होतो, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर एका झोकात पडतो. याचं वर्णन मी आत्ता केलं. ते वाचून कोणी मांडे करू शकणार नाही, हे मला लिहितानाच माहीत आहे. मांडा कधी फाटणार हे जाऊबाईंच्या हाताला कळतं आणि त्या क्षणी हात फिरतो. तो फिरण्याचा वेग आणि मनगटाचा कोन कुठल्याच वहीत मावणार नाही. व्हिडिओत निदान दिसतो. चार वेळा सावकाश करून बघितला तर खांदा किती हलतो आणि कोपर किती कमी हलतं, एवढं तरी लक्षात येतं.

आणि हे मांडे करणाऱ्या बायका अहिराणीत बोलतात. व्हिडिओची ही बाजू मला पुस्तकांपेक्षा सरस वाटते. छापील मराठी पाककृती बहुतेक एकाच पठडीच्या भाषेत लिहिल्या गेल्या. वऱ्हाडातली, खानदेशातली, मालवणातली बाई आपल्या बोलीत पुस्तक लिहायला क्वचितच बसली, आणि बसली असती तरी ते छापलं किती गेलं असतं? 2016 नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आणि त्या बायका स्वतःच्या ओसरीवरून, स्वतःच्या बोलीत बोलायला लागल्या. कोणी सांडगे घालतंय, कोणी वांगी काडीकाटक्यांवर भाजतंय, कोणी तिरफळं कधी ठेचायची ते सांगतंय. ज्यांना वाचायला सरावाने येत नाही, ज्यांच्या यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे, त्यांच्यासाठी ही पहिलीच शाळा आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई शिलाई मशीनच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, व्हिडिओ बघून दुरुस्त करायला शिकल्या. "लिहिलेलं वाचा" असं त्यांना सांगणं म्हणजे दार लावून घेणं. माझी आवड माझ्या शिक्षणातून आली आहे, हे विसरून चालणार नाही.

शिवणाचं निघालंच आहे तर बाहीबद्दल सांगते, कारण तिथे कागद आणि पडदा दोन्ही एकमेकांवाचून अपुरे पडले. ब्लाऊज शिवायला मी उशिरा घेतला. कटिंग कागदावरूनच शिकले आणि ते तसंच शिकावं असं माझं मत आहे. छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात शिलाईसाठी आणि सैलपणासाठी किती, मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या गोल खाचेची, खोली किती, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा किती आत घ्यायचा, हे सगळं गणित आहे. ब्राऊन पेपरवर पट्टी-पेन्सिलीने आकृती काढताना एकेक बिंदू कुठून आला हे समजतं. व्हिडिओत मापं घेतली जातात ती समोरच्या एका बाईची असतात. सूत्र मिळालं तर कोणाच्याही अंगाचं बेतता येतं.

पण बाही मुंढ्याला जोडायची वेळ आली आणि गणित थांबलं. बाहीचा वरचा गोलवा मुंढ्याच्या गोलाईपेक्षा थोडा मोठाच असतो. खांदा गोल असतो, त्याला ती जागा लागते. जास्तीचं कापड चुणी न पडू देता सगळीकडे सारखं जिरवायचं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं: "बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर ठेवून दोन्हीकडे सारखे जिरवत शिवावे." हे "जिरवत" हातांनी कसं करायचं? एका व्हिडिओत ते दिसलं. शिवणारीने बाही खाली ठेवली होती आणि ब्लाऊजचं अंग वर. खालचं कापड ती मुळीच ओढत नव्हती, डाव्या हाताची बोटं नुसती टेकवून ते जाऊ देत होती, वरचं मात्र हलकं ताणून धरलं होतं. एकही चुणी न पडता बाही बसली. बाही खाली का ठेवली, हे ती एका अक्षराने बोलली नाही. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार, हाताची सवय.

कारण मला नंतर छापील पानावर मिळालं. मशीनमध्ये सुईखाली बारीक दाते असतात, ते कापड पुढे ढकलतात. ते फक्त खालच्या कापडाला धरतात, त्यामुळे वरच्यापेक्षा खालचं कापड थोडं जास्त आत जातं. म्हणून जे लांब आहे ते खाली ठेवायचं, जिरवायचं काम मशीनच बरंचसं करतं. हे कळल्यावर तीच युक्ती मी उशीच्या अभ्र्याच्या झालरीला आणि फ्रॉकच्या योकला वापरली. नुसतं बघितलं असतं तर ती बाहीपुरती राहिली असती. नुसतं वाचलं असतं तर डाव्या हाताची बोटं किती सैल ठेवायची हे कळलं नसतं. दाखवण्यातून कृती मिळाली, लिहिण्यातून कारण मिळालं, आणि कारण मिळालं की ती कृती दुसऱ्या कामालाही लावता येते.

लिहून शिकवावं की दाखवून, हा प्रश्न फोनबरोबर आला असं मला वाटत नाही. आपल्या संगीतात तो शंभर वर्षांपूर्वी मोठ्या ताकदीने येऊन गेला. विष्णू नारायण भातखंडे, 1860 चा जन्म, पेशाने वकील. तोंडी शिकवल्या जाणाऱ्या, घराण्याबाहेर सहजासहजी न जाणाऱ्या बंदिशी गोळा करत ते देशभर हिंडले आणि त्या कागदावर उतरवल्या. 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत, मुळात मराठीत निघाली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, तालाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, फुली आणि 'खाली' म्हणतात त्या बिनटाळीच्या जागेला शून्य. इतक्या थोड्या खुणांवर त्यांनी केवढा ठेवा उभा केला! 1926 मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून कॉलेज उभं राहिलं आणि ज्याच्या घरात गाणं नव्हतं त्यालाही शिकायची वाट मिळाली. गाणं असं कागदावर येतं का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नाही.

माझ्या गाण्याच्या बाईंकडे दरबारी राग शिकताना तो आक्षेप आणि त्याचं उत्तर दोन्ही मला एकदमच मिळाले. वहीत कोमल गंधार आहे: ग, खाली रेघ. पेटीवर त्याची पट्टी दाबली तर जो येतो तो दरबारीचा गंधार नाही. दरबारीचा गंधार झुलतो, खाली रिषभाकडे झुकत, सावकाश, जड. वहीत फार तर "आंदोलित" असं लिहिता येतं. तो ऐकावाच लागतो, बाईंच्या गळ्यातून किंवा ध्वनिमुद्रणातून. पण मी हेही सांगेन: ते लिहिलेलं होतं म्हणूनच काय ऐकायचं ते मला कळलं. त्याआधी दरबारी मी कितीतरी वेळा ऐकला होता, आवडलाही होता, आणि गंधार झुलतो हे माझ्या कानाला कधी सापडलं नव्हतं. सगळं एकसंध कानावरून जात होतं. लिहिलेल्या एका शब्दाने त्या वाहत्या गाण्यात बोट ठेवलं.

म्हणून व्हिडिओ बघायचा असेल तेव्हा मी आधी वाचते. काय होणार आहे, कुठे अडणार आहे, कशाकडे बघायचं आहे हे ठरवून मग लावते. तेव्हा पूर्ण बघायची गरज सहसा पडत नाही. सात मिनिटं चाळीस सेकंदांवर तिची डावी बोटं बघायची आहेत, एवढंच. आणि कोणी मला शिकवायला सांगितलं तर मीही त्याच क्रमाने जाते.

गेल्या संक्रांतीआधी डब्लिनहून भाचीचा फोन आला. "मावशी, तिळाचे लाडू करतानाचा व्हिडिओ पाठव ना, पहिल्यापासून शेवटपर्यंत." मी तिला एक पान लिहून पाठवलं. तीळ कसे भाजायचे: मंद आचेवर, तडतडायला लागेपर्यंत, एक तीळ चावून बघायचा, कच्चा वास गेला पाहिजे. गूळ किती, तूप किती. पाक झाला हे कशावरून ओळखायचं. हाताला पाणी लावून गरम असतानाच का वळायचे, गार झाला तर कढई पुन्हा मंद आचेवर धरायची, घाबरायचं नाही. आणि त्याबरोबर एक छोटासा व्हिडिओ, काही सेकंदांचाच: पाण्याच्या वाटीत गुळाच्या पाकाचा थेंब, मग तो बोटांनी उचलून वाटीच्या कडेवर टाकला की येणारा टक् असा आवाज. तो आवाज मला लिहिता येईना. बाकी सगळं लिहिता आलं होतं.

लाडू झाले. फोटो आला, आणि त्याच्या मागोमाग माझंच पान परत आलं, फोटो काढलेलं, समासात तिच्या अक्षरात भर घातलेलं. "इंडक्शनवर 4 च्या वर जाऊ नये, गूळ कडेने लगेच करपतो." "इथे चिक्कीचा गूळ मिळाला नाही, साध्या गुळाला पाक यायला वेळ जास्त लागतो, थांबायचं." "पाण्याची वाटी तीळ भाजायच्या आधीच भरून शेजारी ठेवायची, नंतर हात मोकळा नसतो." हेच पान तिने तिच्याबरोबर राहणाऱ्या हुबळीच्या मुलीलाही दिलं म्हणे, इंग्रजीत करून.

तिची तिसरी सूचना मी माझ्या वहीत उतरवून घेतली आहे, साहित्याच्या यादीच्याही वर.